कॅम्परच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत: ट्यूब्युलर काढून लिथियम? (ऑक्टोबरात किन्नौर-स्पिती)

चाकावरचं घर

नमस्कार मंडळी. आमची ट्रॅव्हलर मोटार कॅराव्हॅन म्हणूनच आरटीओत नोंदवलेली आहे. आजवर कोकण, गोवा, कारवार असं किनाऱ्याकिनाऱ्याने फिरलो. तिकडे संध्याकाळी एखाद्या होमस्टेच्या अंगणात गाडी लावायची, प्लग मागायचा, की रात्र निभावते. आता ऑक्टोबरात शिमला, रामपूर, नाको, ताबो करत काझा आणि त्याच रस्त्याने परत असा बेत आहे. मधे दोन-तीन रात्री सलग प्लग मिळणार नाही असं धरून चाललोय.

सध्याची जोडणी अशी: घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशा १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर (शिसं आणि आम्लाच्या) बॅटऱ्या मागच्या सीटखाली, समांतर जोडलेल्या. पुढच्या कपाटात साइनवेव्ह इन्व्हर्टर. टपावर ३३० वॉटचं एक पॅनल, त्याला पॅनलवरून बॅटरी भरणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. गाडी चालू असताना एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, अल्टरनेटरची (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राची) लाइन या बॅटऱ्यांना जोडतो.

अडचण अशी की इंडक्शन लावला की थोड्याच वेळात इन्व्हर्टर 'लो बॅटरी' दाखवून बंद पडतो. लगेच बॅटरीला मीटर लावला तर १२.४ व्होल्ट दिसतात. सोबत सासरे असतात, ते रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं) लावून झोपतात. म्हणजे मध्यरात्री वीज जाऊन चालणार नाही.

दुकानदार म्हणतो, जुन्या काढा, १०० च्या दोन लिथियम बसवा, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. हे बरोबर आहे का?

तांबडी तार

बॅटरीचं नंतर बघू. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत वायर किती जाडीची आहे आणि किती लांब?

चाकावरचं घर

१० चौरस मिलिमीटर, तांब्याची. अंतर साधारण तीन मीटर.

तांबडी तार

मग तुमचा निम्मा आजार इथेच आहे. १५०० वॉटचा इंडक्शन पूर्ण जोरात चालला की इन्व्हर्टरची तूट धरून १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे १३० अँपिअर ओढतो. जाऊन-येऊन सहा मीटर तार, १० चौरस मिमी, म्हणजे विरोध साधारण ०.०१०५ ओहम. गुणिले १३०, म्हणजे जवळजवळ १.४ व्होल्ट निव्वळ तारेत पडतात. बॅटरीवर ११.८ असतील तेव्हा इन्व्हर्टरला १०.४ मिळतात आणि तो बंद होतो. भार सुटला की बॅटरी पुन्हा १२.४ दाखवते. मीटर खोटं सांगत नाहीये.

आणि हे १.४ व्होल्ट जातात कुठे? १.४ गुणिले १३०, म्हणजे १८० वॉट उष्णता त्या तारेत, तीही सीटखालून, फोमच्या शेजारून. कृपया आजपासून त्या तारेवर इंडक्शन लावू नका. मी हे काळजीने सांगतोय. लाकडी फर्निचरच्या गाडीत आग लागली तर बाहेर पडायला फार कमी वेळ मिळतो.

५० चौरस मिमी तार घेतली तर हीच घट पाव व्होल्टच्या आसपास येते. त्याहून चांगलं म्हणजे इन्व्हर्टरच बॅटरीच्या शेजारी आणा आणि लांबचा प्रवास २३० व्होल्टच्या बारीक तारेने होऊ द्या. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच.

निशिगंधा

तांबडी तार यांना +१. मी दुसऱ्या टोकाकडून येते. चाकावरचं घर, तुमचं ३३० वॉटचं पॅनल बहुधा ७२ सेलचं असणार, म्हणजे कामाचा व्होल्टेज ३७ च्या आसपास आणि करंट पावणेनऊ अँपिअर. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. पावणेनऊ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, झाले ११५ वॉट. भर दुपारीही तुम्हाला एवढेच मिळताहेत, उरलेलं दोन तृतीयांश पॅनल टपावर नुसतं वजन आहे.

एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलला त्याच्या कामाच्या व्होल्टेजवरच ठेवणारा) लावलात तर बॅटरी न बदलताही मिळकत जवळजवळ तिप्पट होईल. घेताना १०० व्होल्ट इनपुटचा घ्या. थंडीत पॅनलचा खुला (भार नसतानाचा) व्होल्टेज वाढतो, स्पितीच्या सकाळी तुमचं पॅनल ५० च्या जवळ जाईल, आणि ५० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर तिथे जळू शकतो.

आता खर्च मांडू. १२ व्होल्टच्या हिशेबाने, दिवसाला:

कॉम्प्रेसर फ्रिज ३० अँपिअर-तास (थंडीत कमीच). दिवे, पंप, पंखा १५. फोन, कॅमेरे, लॅपटॉप १५. सीपॅप २० ते २५, तेही ह्युमिडिफायर बंद ठेवून. तो चालू ठेवला तर आकडा सहज दुप्पट होतो. डिझेल हीटर लावणार असाल तर त्याच्या पंख्याला नि पंपाला आणखी १५. बेरीज १०० च्या घरात.

आणि इंडक्शनवर रोज एक युनिट स्वयंपाक केलात तर तो एकटाच ९० खातो. बाकीच्या सगळ्या घराएवढा.

सीपॅप इन्व्हर्टरवर चालवू नका. मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो थेट १२ व्होल्टवर लावा. रात्रभर केवळ ३० वॉटसाठी मोठा इन्व्हर्टर जागा ठेवायचा तर तो स्वतःच तेवढं खातो.

फिनिक्सकर

इथे ॲरिझोनात आमचा ट्रेलर आहे. सरकारी मोकळ्या जमिनीवर एका जागी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, त्यामुळे प्लगविना राहणं हा इथे मोठ्या समुदायाचा छंद आहे. लिथियमच्या गजरात एक बाजू मांडतो. इथले कितीतरी लोक आजही गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून समाधानाने फिरतात. २२० अँपिअर-तासांच्या आसपास क्षमता, जाड प्लेटा, पाणी घालत राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतात. शनिवार-रविवारी जाऊन घरी येऊन चार्जरला लावणाऱ्याने लिथियमवर खर्च का करावा?

शिशाच्या बॅटरीचं खरं दुखणं वेगळं आहे. ती निम्म्याच्या खाली नेऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं. ती रोज पूर्ण भरावीही लागते, हे कमी लोक पाळतात. शेवटचे वीस टक्के भरायला तासन्तास लागतात, आणि प्लग नसलेल्या जागी ते तास मिळत नाहीत. मग ती रोज ८० टक्क्यांवर थांबते, सल्फेट जमतो, आणि दुसऱ्या हंगामात तुमच्या ३०० अँपिअर-तासांच्या जागी १८० उरतात. लिथियम आयर्न फॉस्फेटला (कॅम्परमध्ये नुसतं 'लिथियम' म्हणतात ती बहुधा हीच) अर्धवट भरलेलं चालतं, उलट मानवतं. मी बदलली ती या कारणासाठी.

तांबडी तार

फिनिक्सकर, ट्यूब्युलरबद्दल आपल्याकडचा एक मुद्दा जोडतो. घरच्या ट्यूब्युलरवरचा १५० हा आकडा बहुधा २० तासांच्या दराचा असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने सावकाश काढलात तर. दोन मिळून १३० ओढलेत तर तेवढे कधीच मिळत नाहीत. शिवाय या उंच बॅटऱ्या कोपऱ्यात स्थिर उभ्या राहण्यासाठी बनवलेल्या असतात. खडबडीत रस्त्यावर आम्ल उसळतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो. लोक झोपतात त्याच बंद जागेत, सीटखाली, बाहेर जाणारी नळी नसताना त्या ठेवू नयेत. तेवढ्यासाठी तरी बदला.

सोलापुरी चादर

इंडक्शनचा हट्ट कशाला पण? पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. एक किलो एलपीजीत पावणेतेरा युनिट उष्णता असते, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये साठ युनिटांहून जास्त. शेगडीवर त्यातली निम्मी वाया गेली तरी तीस युनिटं भांड्यात पोचतात. दोन लिथियम बॅटऱ्यांत मिळून अडीच युनिटं. महिनाभराचा स्वयंपाक त्या एका सिलिंडरवर होईल.

आणि कुकर विसरू नका. काझाच्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, मग गॅस असो की इंडक्शन.

निशिगंधा

सोलापुरी चादर यांच्याशी सहमत, दोन अटींवर. सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. आणि शेगडी ऊब मिळवण्यासाठी कधीही, एका रात्रीसाठीही, लावायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा.

कडाक्याच्या थंडीत एलपीजीतला ब्युटेन नीट वायुरूप होत नाही, सकाळी ज्योत मरते. म्हणून इंडक्शन पूर्ण काढू नका, सकाळच्या चहापुरता ठेवा.

बर्फाळ वाट

मी नोकरीनिमित्त हिमाचलात राहतो, या रस्त्यावर येणंजाणं असतं. इथवर कोणी थंडीबद्दल बोललं नाही, आणि तुमच्या प्रवासात तोच प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली वापरता येते, उणे २० पर्यंतही बहुतेक चालतात. पण शून्याखाली चार्ज करायची नाही. सेलच्या ऋण टोकाच्या थंड ग्रॅफाइटमध्ये लिथियमचे आयन आत शिरू शकत नाहीत, धातू होऊन पृष्ठभागावर बसतात. ते नुकसान परत भरून येत नाही, आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. बाहेरून काहीच कळत नाही.

ऑक्टोबरात काझाला रात्री पारा शून्याखाली जातो. लांग्झा, किब्बर आणखी उंच आणि आणखी थंड. आता सकाळचं चित्र बघा: बॅटरी रात्रभर गारठलेली, स्पितीचं आभाळ पावसाच्या पट्ट्याबाहेरचं म्हणून लख्ख, ऊन टपावर पडलं की पॅनल लगेच कामाला लागतं. म्हणजे सेल सगळ्यात थंड असतानाच कंट्रोलर चार्जिंग सुरू करतो.

म्हणून बॅटरी घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: आतल्या बीएमएसमध्ये (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा सेन्सर आहे का? बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांत फक्त जास्त तापमानाचा असतो. दुसरं, बॅटरी गाडीच्या पोटाखाली टांगू नका, आत ठेवा. खाली नि बाजूंनी थर्माकोल किंवा फोम द्या, आणि आतल्या बाजूची फळी रात्री उघडी ठेवा म्हणजे केबिनची ऊब पोचेल. वीस-पंचवीस किलोचा ठोकळा असा एका रात्रीत सहज शून्याखाली जात नाही. स्वतःचा हीटर असलेल्या बॅटऱ्याही येतात, पण तो हीटर चार्जरच्या विजेवर चालणारा असावा, बॅटरीच्या नव्हे.

डिझेल हीटर घेणार असाल तर उंचीसाठी जुळवून घेता येणारा घ्या. साधा हीटर विरळ हवेत अर्धवट जळतो आणि काजळीने तुंबतो.

आणि सासऱ्यांबद्दल, वीज-तारांपेक्षा आधी. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला ३७०० मीटरवर झोपवण्याआधी छातीच्या डॉक्टरांशी बोला. कल्पाला दोन रात्री, मग ताबो, मग काझा असे चढा. सीपॅप मशीन उंचीला आपोआप जुळवून घेतं का, तेही त्यांनाच विचारा. रात्र कठीण गेली तर खाली उतरायचा निर्णय आधीच ठरलेला असू द्या.

चाकावरचं घर

बर्फाळ वाट, मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्यांनी नको म्हटलं तर सासऱ्यांसोबत कल्पाहूनच परत फिरू.

वाचून असं ठरतंय की गॅस घ्यायचा, इंडक्शन सकाळपुरता, एमपीपीटी नक्की, तार नक्की. आता अल्टरनेटरकडून चार्जिंग. तो रिले तसाच राहू देऊ का?

तांबडी तार

नाही. दुकानदाराचं 'बाकी कशाला हात लावायची गरज नाही' इथे सगळ्यात महागात पडतं.

शिशाच्या बॅटरीचा आतला विरोध जास्त असतो, त्यामुळे ती भरत आली की स्वतःच कमी घेऊ लागते. लिथियम तसं करत नाही. रिकामी असेल तर मिळेल तेवढा करंट, तासन्तास. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी रांगते, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वर हवा विरळ, म्हणजे थंडावाही कमी. असा अल्टरनेटर पूर्ण भाराने चालवला की त्याची वाइंडिंग भाजते. गाडीबरोबर मिळणारे अल्टरनेटर पूर्ण भार सतत ओढण्यासाठी बनवलेले नसतात.

दुसरी भानगड: लिथियम भरली किंवा गारठली की तिचा बीएमएस क्षणात जोडणी तोडतो. साठ-सत्तर अँपिअर वाहत असताना अचानक वाट बंद झाली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो. डायोड जातात, कधी गाडीचा ईसीयूसुद्धा, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक.

यावर उपाय डीसी-टू-डीसी चार्जर. ३० अँपिअरचा घ्या. तो अल्टरनेटरकडून ठरलेलंच घेतो आणि लिथियमला हवा तोच व्होल्टेज देतो. बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज ईसीयू खालीवर करतो, तिथे नुसता रिले तसाही फसतो. चार्जरला इग्निशनची एक बारीक तार द्या म्हणजे इंजिन बंद असताना तो पुढची बॅटरी पिणार नाही. तारेच्या दोन्ही टोकांना फ्यूज, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे.

तीन-साडेतीन तास चाललात की १०० अँपिअर-तास आले. निशिगंधा यांच्या हिशेबाने दिवसाचा खर्च तेवढाच.

निशिगंधा

त्यात सूर्याचे धरा. ऑक्टोबरात तिथे सूर्य दुपारीही ५५ अंशांच्या आतच असतो आणि पॅनल आडवं. ३३० वॉटमधून दिवसाला एक युनिट, म्हणजे ८० अँपिअर-तास धरा. किन्नौरच्या अरुंद दरीत त्याहून कमी, डोंगराआड ऊन लवकर जातं. स्पितीची दरी रुंद आहे, तिथे बरं मिळेल.

म्हणजे चालण्याच्या दिवशी बॅटरी भरून वर उरतं, थांबण्याच्या दिवशी २०-३० ची तूट. अशा हिशेबात २०० पुरेशी आहे. इंडक्शनवर पूर्ण स्वयंपाक असता तर मी ३०० च्या खाली जाऊ नका म्हटलं असतं.

पाऊसवेडा

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं अवांतर. 'लिथियम' म्हणून विकतात त्या सगळ्या बॅटऱ्या एक नव्हेत. आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सेल तापला तरी तो सहज सुटत नाही, त्यामुळे पेट घेण्याची शक्यता निकेल-कोबाल्टवाल्यांपेक्षा बरीच कमी. १९९७ साली हा पदार्थ जगापुढे मांडणाऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय संशोधक होते, टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटऱ्यांवरच्या कामासाठी २०१९ चं नोबेल विभागून मिळालं. पाढींचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यावं अशी माझी फार इच्छा आहे.

व्यवहारात: लेबलवर १२.८ व्होल्ट असेल तर आयर्न फॉस्फेट, ११.१ किंवा १४.८ असेल तर दुसरं काहीतरी. १०० अँपिअर-तासांचे नुसते सेलच आठ किलोंच्या आसपास भरतात. अख्खी बॅटरी आठ किलोंची असेल तर आत १०० नाहीत.

फिनिक्सकर

पाऊसवेडा यांच्या पुढे: घेतल्यावर एकदा मोजा. पूर्ण भरा, २० अँपिअरचा स्थिर भार लावा, बंद होईपर्यंत घड्याळ बघा. १०० च्या बॅटरीला पाच तास लागायला हवेत. चार तासांत बसली तर बिल घेऊन परत जा, महिनाभराने कोणी ऐकणार नाही.

व्होल्टमीटरवरून आता किती उरलं ते कळणार नाही. लिथियम ९० टक्क्यांना १३.३ आणि ४० टक्क्यांना १३.१ दाखवते, मग एकदम कोसळते. ऋण तारेवर शंट बसवा, तो आतबाहेर झालेला प्रत्येक अँपिअर मोजतो. सीपॅप आहे तर हे नक्कीच करा, झोपण्याआधी आकडा दिसला पाहिजे.

सोलापुरी चादर

रच्याकने, इन्व्हर्टरमधला चार्जर तपासा. घरगुती इन्व्हर्टर ट्यूब्युलरसाठी मधूनमधून १५ व्होल्टच्या वर जाऊन बॅटरी 'उकळवतात'. लिथियमचा बीएमएस तेव्हा जोडणी तोडेल. सेटिंगमध्ये लिथियम नसेल तर तो चार्जर बंदच ठेवा आणि १४.६ चा २० अँपिअर वेगळा चार्जर घ्या. तो ३०० वॉटच ओढतो, गावातल्या अशक्त प्लगवरही चालतो.

चाकावरचं घर

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत ठेवला आहे. दोन शेवटचे प्रश्न. पैसे एकदम घालता येणार नाहीत, तर क्रम काय ठेवू? आणि १०० च्या दोन बॅटऱ्या समांतर जोडताना काय सांभाळायचं?

तांबडी तार

क्रम: आधी तार, फ्यूज आणि इन्व्हर्टरची जागा. मग एमपीपीटी, लिथियमचं सेटिंग असलेलाच. मग शंट. हे तिन्ही आजच्या ट्यूब्युलरवरही उपयोगी आहेत, आणि शंट लावलात की पुढच्या कोकणवारीत तुमचा खरा खर्च कळेल, आमचे अंदाज गळून पडतील. त्यानंतर डीसी-टू-डीसी चार्जर आणि बॅटऱ्या, या दोन्ही एकाच दिवशी. बॅटऱ्या आधी बसवून रिले तात्पुरताही ठेवायचा नाही. जुन्या ट्यूब्युलर दुकानदार वजनावर परत घेतो, ते पैसे फ्यूजला होतील.

समांतर जोडताना दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या. आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, मगच जोडा. धन तार पहिल्या बॅटरीवरून घ्या, ऋण दुसरीवरून, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो. मधल्या जोडतारा सारख्या लांबीच्या. फ्यूज 'क्लास टी' प्रकारचा घ्या. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, साध्या फ्यूजमध्ये तेव्हा ठिणगीची कमान तशीच जळत राहू शकते.

सगळं झालं की निघण्याआधी घराखालीच इंडक्शन दहा मिनिटं पूर्ण जोरात चालवा. बंद करा, आणि प्रत्येक लगला (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीला), प्रत्येक फ्यूजच्या टोकाला उलट्या हाताने स्पर्श करून बघा. जो इतरांपेक्षा गरम लागेल तो नीट दाबलेला नाही, कापून नव्याने क्रिंप करा. फोटो इथे टाका, क्रिंपिंगचं हत्यार नसेल तर व्यनि करा, पुण्यात मिळेल ती जागा सांगतो.